बिनचेनचा पोशाख

मास्तर सिनेमाला गेले ते गारव्यासाठी.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उगाच कुणाला वाटायचं की त्यांना सिनेमाची आवड होती. दुकानातला पंखा आदल्याच दिवशी बंद पडला होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला काचेचं दार, आत कापायचं टेबल, दोन शिलाई मशिनं, भिंतीवर आरसा, आणि कोपऱ्यात एक पुतळा, ज्याला हात, पाय आणि डोकं यांपैकी काहीच नव्हतं आणि ज्याच्या अंगावर कायम कुणाचा तरी अर्धवट कोट असायचा. त्या खोलीत दुपारी इस्त्री तापली की मास्तरही तापत. अशा वेळी बायको शाळेतून सिनेमाची तिकिटं घेऊन आली. ती शाळेची बस चालवायची, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी खूश होऊन सगळ्या स्टाफला तिकिटं वाटली होती.

"कसला सिनेमा?" मास्तरांनी मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"एक बाई असते. तिच्या अंगात शक्ती असते. ती सगळ्यांना वाचवते."

"यात सिनेमा काढण्यासारखं काय आहे?" आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "हे तर रोजचंच आहे."

(सासूबाई मुलीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. त्याला आता बरीच वर्षं झाली.)

मास्तरांनी मुद्द्याचं तेवढं विचारलं. "हॉलमध्ये एसी आहे ना?"

"आहे."

मास्तर शर्ट बदलायला उठले.

खुर्ची मऊ होती, अंधार झाला, गार वारा अंगावर आला, आणि पडद्यावर नावं येऊन संपायच्या आत मास्तरांची हनुवटी छातीला टेकली. मध्यंतर झालं, दिवे लागले, लेकीनं स्वतःचे पॉपकॉर्न संपवून बापाचेही संपवले, तरी त्यांना पत्ता नाही. ते जागे झाले ते थेट उत्तरार्धात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजानं. पडद्यावर गडद निळ्या पोशाखातली एक बाई मुलांनी भरलेली बस एका हातानं उचलून पुलावर ठेवत होती. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मास्तरांनी डोळे चोळले, चष्मा पुसला आणि पुढे झुकून बघितलं. त्यांना बस दिसली नाही, पूल दिसला नाही, बाईही फारशी दिसली नाही. त्यांना दिसला तो पोशाख. तिथून शेवटपर्यंत ते डोळ्यांत तेल घालून बसले.

"उडते, ठीक आहे," हॉलमधून बाहेर पडता पडता ते म्हणाले. "भिंत फोडते, ठीक आहे. सिनेमा आहे, फोडणारच. पण चेन कुठाय?"

"कसली चेन?" लेकीनं विचारलं.

"पोशाखाची. गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड कापड. पुढे चेन नाही, बगलेत नाही, बटण नाही, हूक नाही. मग ती बाई आत शिरली कुठून?"

"मागे असेल ना, बाबा."

"मागे खांद्यावरून तो एवढा मोठा झगा लोंबतोय. बरं, असली समजा मागे. लावली कुणी? एकटी राहते ना ती घरात?"

"अहो बाबा, पण सुरुवातीला तर..."

"सुरुवात काय आणि शेवट काय, शिलाईला सगळं सारखंच. ज्याला शिवण नाही असा कपडा जगात नाही."

शेजारून चाललेल्या जोडप्यानं वळून बघितलं. लेकीनं दोन पावलं मागे राहून आपण या गृहस्थांबरोबर नसल्याचं दाखवायला सुरुवात केली. मास्तरांनी बायकोकडे मोर्चा वळवला. "तुला काय वाटलं?"

बायको मुळातच कमी बोलायची. दिवसभर बसमध्ये मुलं इतकं बोलत की तिच्या वाटणीचं बोलणं तिथेच संपत असावं. मग ती म्हणाली, "बस उचलली तेव्हा मुलांचे पट्टे लावलेले होते का, ते दाखवलं नाही. आणि तिला खिसे नाहीत. चावी कुठे ठेवत असेल?" थोडं चालून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पण मला आवडला."

काय आवडलं हे मास्तरांनी विचारलं नाही. ते अजून चेनमध्येच अडकले होते.

गोष्ट इथेच संपली असती. पण पुढच्या आठवड्यात एकदा बायको कामावरून आली, तिनं हात धुतले, आणि टॉवेलला हात पुसत, भिंतीकडे बघत म्हणाली, "शाळेचा वाढदिवस आहे शनिवारी. मुलांना ती सिनेमातली बाई भेटायला हवीय. मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारलंय, होशील का म्हणून."

"तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"मुलांनीच माझं नाव सांगितलं म्हणे. मी हो म्हटलंय." एवढं बोलून तिनं टॉवेल होता त्यापेक्षा जास्त नीट वाळत घातला. मास्तरांच्या लक्षात आलं की ती लाजलीय. ती लाजताना त्यांनी लग्नात बघितली होती, त्यानंतर आत्ताच.

"पोशाखाचं काय?" त्यांनी विचारलं.

"भाड्यानं मिळतो."

भाड्यानं. मास्तरांच्या हातातली कात्री कापडात जागच्या जागी थांबली.

"बरोबरच आहे," सासूबाई म्हणाल्या. "शिंप्याच्या बायकोनं भाड्याचंच घालायचं."

आता सासूबाईंचं बोलणं नेहमीच खोचक असे आणि नेहमीच चुकीचं असे, निदान मास्तरांच्या मते. पण या वेळी त्यात खोट काढता येईना. मास्तरांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. वकिलांच्या पॅन्टी शिवल्या होत्या, डॉक्टरांचे कोट शिवले होते, समोरच्या आजोबांच्या पोपटाच्या पिंजऱ्यावर घालायला झाकण शिवलं होतं, तेही अस्तर लावून. बायकोसाठी मात्र साधा रुमालही नाही. आपण पडलो जेंट्स टेलर, असं ते म्हणत. कधी हातात घाईचं काम आहे, संपलं की बघू, असं म्हणत. आणि तिनं कधी मागितलंही नव्हतं. न मागणाऱ्या माणसाचं काम कायम सगळ्यात खालच्या कप्प्यात जातं.

"मी शिवतो," मास्तर म्हणाले. "अगदी सिनेमातल्यासारखा. बिनचेनचा."

"पण तुम्हीच म्हणालात ना, असा कपडा असूच शकत नाही," लेक म्हणाली.

"असू शकत नाही म्हणालो. मला जमणार नाही असं कुठे म्हणालो?"

"बाबा, पण खरं तर त्या सिनेमात..."

बायकोनं लेकीकडे बघितलं. नुसतं बघितलं. बसमधली दंगेखोर मुलंसुद्धा आरशातल्या त्या नजरेनं जागेवर बसत, तिथे लेकीची काय कथा. ती गप्प झाली.

"मग माप कधी घेणार?" बायकोनं विचारलं, आणि तिनं दोन्ही हात जरा बाजूला केले, मापाला उभं राहतात तसे.

"माप कशाला?" मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर मी त्याची कंबर सांगतो. तू तर रोजच्या बघण्यातली."

बायको क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं हात खाली घेतले, भिंतीवरची बसची चावी उचलली आणि संध्याकाळच्या फेरीला निघून गेली.

त्या आठवड्यात मास्तरांनी इतकं मन लावून काम केलं की दोन गिऱ्हाइकांच्या पॅन्टी एकमेकांना गेल्या आणि दोघांनीही तक्रार केली नाही. गडद निळं, ताणलं जाणारं कापड आणलं. खांद्यावर चंदेरी पट्ट्या बसवल्या. पाठीवर झगा. राहिला प्रश्न चेनचा. बिनचेनचा कपडा असूच शकत नाही हे मास्तरांचं मत पहाडासारखं पक्कं होतं. तेव्हा चेन तर लावायचीच, पण ती दिसता कामा नये. त्यांनी ती पाठीच्या मधोमध, दोन्हीकडच्या कापडाच्या पोटात अशी काही दडवली की स्वतःलाच बोटांनी चाचपून शोधावी लागे. तरी चेनच्या रनरला जी बारीक पितळी जीभ असते, ओढायची, ती चमके. झगा उडाला आणि एखाद्या पोरानं ती बघितली तर? मास्तरांनी ती जीभच पकडीनं कापून टाकली आणि तिच्या जागी बारीक दोरा ओवला. चेन लावायची, दोरा ओढून काढून घ्यायचा, की झालं. खेळ खलास.

आणि चेन उघडायची कशी, हे तुमच्या मनात आलं ना? मास्तरांच्या मनात ते आलं नाही.

शनिवारी दुपारी पोशाख तयार झाला. कार्यक्रम चारला. मुलांना घरोघरून घेता घेता बायको घरावरून जाणार, हॉर्न देणार, पोशाख उचलणार आणि शाळेत जाऊन घालणार, असं ठरलं होतं. मास्तरांनी पोशाख इस्त्री करून पुतळ्याला चढवला. पण पुतळ्याला हात नाहीत. बाईनं हात वर केला आणि बगलेत उसवलं तर? पाय उचलला आणि नको तिथे टरकन फाटलं तर? शाळेसमोर बायकोचा पचका झाला तर? त्यांच्या कपाळाला घाम आला.

कुणीतरी घालून बघायला हवं होतं. सासूबाईंना विचारायची त्यांची छाती झाली नाही. लेक बारकी. राहिलं कोण? लग्नात दोघांची उंची सारखी आहे म्हणून मित्रांनी चेष्टा केली होती, ते त्यांना आठवलं. त्यांनी काचेच्या दाराचा पडदा ओढला आणि ते त्या निळ्या कापडात शिरले.

पोशाख असा बसला की बघत राहावं. खांदा खांद्याला, कोपर कोपराला. चेनसाठी त्यांनी दोऱ्याचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं, गजाकडे पाठ केली आणि हळूहळू उकिडवे बसत गेले. माणूस खाली, चेन वर. ती मानेपर्यंत पोचली तेव्हा मास्तरांना स्वतःचंच कौतुक वाटलं. ते उठून उभे राहिले, आरशाकडे दोन पावलं चालले, आणि दोरा सुळकन निसटून गजालाच लोंबकळत राहिला.

मास्तरांनी हात वर करून बघितले. उसवलं नाही. पाय उचलून बघितला. फाटलं नाही. हात मागे नेऊन चेन उघडायला गेले. मग पुन्हा गेले. मग दुसऱ्या हातानं खालून गेले. मग दाराच्या चौकटीला पाठ घासून बघितली.

"जावईबापू," आतल्या दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "अंगाला खाज येतेय का?"

"चेन अडकलीय."

सासूबाईंनी चष्मा लावला, जवळ येऊन पाठ बघितली. "कुठाय चेन?"

एरवी या प्रश्नानं मास्तर सुखावले असते.

"कापडाच्या आत आहे. तिला पकडायला पक्कड लागेल. पक्कड द्या."

"पक्कड काल ती घेऊन गेली, बसचा आरसा ढिला झालाय म्हणून." सासूबाईंनी टेबलावरची मोठी कात्री उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान मास्तरांना अजिबात आवडलं नाही. "उभे राहा नीट. मी कापते."

"नाही."

"सरळ रेषेत कापते की."

"आई, हात लावू नका," मास्तर टेबलाच्या पलीकडे सरकले. "तिच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी शिवलंय मी. याला कात्री लागणार नाही."

सासूबाईंनी त्यांच्याकडे नव्यानंच बघितल्यासारखं बघितलं आणि कात्री खाली ठेवली. मग त्यांनी सेफ्टी पिन आणली. पुढचा काही वेळ जे झालं त्याचं वर्णन न केलेलं बरं. एवढंच सांगतो की सासूबाईंना चेन सापडली नाही आणि मास्तर मात्र बऱ्याच ठिकाणी सापडले.

अशात काचेचं दार वाजलं. वकीलसाहेब पॅन्टच्या ट्रायलला आले होते. मास्तरांनी पुतळ्यावरून काढून ठेवलेला अर्धवट कोट ओढून घातला (त्याला एकच बाही होती) आणि टेबलामागे जाऊन उभे राहिले.

"बसा, बसा," ते म्हणाले. "पॅन्ट तिकडे टांगलीय. मी जरा इथेच थांबतो."

वकीलसाहेबांनी पॅन्ट घालून बघितली. "कंबरेत सैल वाटतेय."

"नाही वाटत."

"तुम्ही तिथूनच सांगताय?"

"माझी नजरच टेप आहे, साहेब."

वकीलसाहेबांनी पॅन्टवरून नजर काढून मास्तरांच्या उघड्या निळ्या बाहीकडे नेली. तिथून चंदेरी पट्टीकडे. तिथून टेबलाखाली लोळणाऱ्या झग्याकडे. कोर्टात वर्षानुवर्षं काढलेला माणूस. काय विचारायचं नाही हे त्यांना बरोबर कळत होतं.

"सैल नाहीये," ते म्हणाले, आणि पॅन्ट घालूनच निघून गेले.

बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. बस दाराशी लागली होती, खिडक्याखिडक्यांतून मुलांची डोकी दिसत होती. बायको खाली उतरून आत आली, तिनं रिकामा पुतळा बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

मास्तरांनी कोट काढला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"चेन अडकलीय," ते म्हणाले. "तुझ्याकडे पक्कड आहे. काढ पटकन, पाच मिनिटांत तुला घालून देतो."

बायको हसली नाही. ती जवळ आली, तिनं आपला हात त्यांच्या हाताशेजारी धरला, मग पाठीमागे जाऊन आपले खांदे त्यांच्या खांद्यांना लावून बघितले. आरशात दोघं दिसत होती. रोज ते अवजड स्टिअरिंग फिरवून तिचे खांदे रुंद झाले होते, दंड भरले होते. मास्तर त्या आरशात तिच्यापुढे काडीसारखे दिसत होते.

"अहो, हा मला होणार नाही," ती म्हणाली. "हा तुमच्या मापाचा आहे."

मास्तर आरशात बघत राहिले. गिऱ्हाइकाची कंबर दारातून सांगणारा हा माणूस इतकी वर्षं जिच्याशेजारी जेवला, झोपला, तिचा खांदा कधी बदलला हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. पोशाखाची नव्हे, त्याची नंतर वाटायची होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द त्या दुकानात प्रथमच उच्चारले गेले असावेत, कारण सासूबाईंनी कानावरचे केस मागे सारले. "माप घ्यायला हवं होतं."

"हो," बायको म्हणाली. तिनं घड्याळाकडे बघितलं, बसकडे बघितलं. "मुलांना सांगितलंय, आज ती येणार. आता ती तुम्ही. चला."

"मी? अगं, मला मिशी आहे."

"चला म्हणते ना. बाहेर मुलं उन्हात बसलीत."

मास्तर बसमध्ये चढले तेव्हा मुलांचा गलका एकदम थांबला. ते पुढच्या सीटजवळ दांडी धरून उभे राहिले, कारण सेफ्टी पिननं टोचलेल्या जागांमुळे बसताही येत नव्हतं.

"हिला मिशी का आहे?" शेवटी मागून एका मुलीनं विचारलं.

"शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून," तिच्या शेजारच्या मुलानं सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं.

शाळेच्या हॉलमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी मास्तरांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमच्या मिसेस येणार होत्या ना?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, काम तडीस नेणाऱ्या माणसांच्या सवयीनं, त्यांना स्टेजवर ढकललं. टाळ्या झाल्या. मास्तरांनी एक हात वर केला. बगल उसवली नाही, याचं समाधान त्याही परिस्थितीत त्यांना झालं.

"तुम्ही उडता का?" पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

"नाही."

"भिंत फोडता का?"

"नाही."

"मग करता काय?"

"पॅन्टी शिवतो," मास्तर म्हणाले. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरंच बाहेर पडतं.

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मास्तरांना घाम फुटला. आपण बायकोचा दिवस मातीत घातला, हा एकच विचार डोक्यात घोळू लागला. तेवढ्यात त्यांची नजर हॉलच्या मोठ्या खिडकीबाहेर गेली. फाटकात कुणाची तरी गाडी आडवी लावलेली होती, आणि मुलांना बाहेर उतरवून रिकामी झालेली बस बायको त्या अरुंद फटीतून उलटी आत घेत होती. मान मागे वळवलेली, एक हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर घरात पाण्याचा तांब्या भरताना असते तेवढीच शांतता. दोन्ही बाजूंना हातभरही जागा नव्हती. बस कुठेही न घासता आत आली आणि रेषेवर येऊन थांबली. मास्तरांनी तिला बस चालवताना असं उभं राहून कधी बघितलंच नव्हतं.

"खरी मी नाहीच," ते मुलांना म्हणाले. "माझ्यात काही नाही. मला तर तिनंच इथे आणलं. खरी ती, तिकडे. बघा."

(खरं सांगायचं तर त्यात अर्धं प्रेम होतं, आणि उरलेलं अर्धं, सगळ्यांच्या नजरा आपल्यावरून हटाव्यात यासाठी होतं.)

मुलं खिडकीकडे वळली. मग धावलीच. बायको बसमधून खाली उतरली, आणि सगळी खिडकी तिला हात करताना बघून जागीच थबकली. ही ती, हे मुलांना सांगावं लागलं नाही. त्यांना ते आधीपासून माहीत होतं, म्हणून तर त्यांनी तिचं नाव दिलं होतं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मुख्याध्यापिकाबाईंनी कानांवर हात ठेवले. बायकोनं आधी मागे वळून बघितलं, आपल्यामागे कुणी आहे का म्हणून. कुणी नव्हतं. मग तिनं हळूच हात वर केला आणि हलवला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कोपर इतकं घट्ट होतं की त्यांना ते पुसता आलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत तिनं पकडीनं चेन एका झटक्यात उघडली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरी टेप काढला. तिनं हात बाजूला केले. तिला गुदगुल्या होत होत्या, ते सासूबाईंसमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून दोघंही उगाच खोकत राहिली. मास्तरांनी खांद्याचं माप घेतलं, मग आपल्यालाच खात्री नसल्यासारखं पुन्हा घेतलं. तिच्यासाठी त्यांनी गडद निळा कोट शिवला, पुढे ठसठशीत चेनचा, तिला हवे तितके खिसे असलेला. एक खास बसच्या चावीसाठी.

"हा घालून कुठे जाऊ?" तिनं विचारलं.

"सांगशील तिथे."

"मग तो सिनेमा पुन्हा बघू या," ती म्हणाली. "या वेळी जागे राहा."

मास्तरांनी वचन दिलं. दुकानातला पंखा दुरुस्त झालेला होता, तेव्हा ते या वेळी निव्वळ सिनेमासाठी गेले, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही. हॉलमध्ये पलीकडच्या खुर्चीत एक चष्मेवाले गृहस्थ होते. दिवे मालवायला अवकाश होता. मास्तरांना राहवेना.

"पहिल्यांदाच बघताय का?" त्यांनी विचारलं. "तिचा पोशाख बघा. मी या धंद्यातला माणूस आहे. अख्ख्या कपड्यात चेन नाही. एकही नाही."

"असं?" गृहस्थ म्हणाले.

"पैज लावा."

दिवे गेले. नावं आली. आणि पहिल्याच प्रसंगात, एका छोट्या खोलीत, ती बाई आरशासमोर पाठमोरी उभी होती. निळ्या पोशाखाची पाठ उघडी, कंबरेपासून मानेपर्यंत कोसभर लांबूनही दिसावी अशी जाडजूड चेन. मागून तिची थोरली बहीण आली. "श्वास घे," बहीण म्हणाली, तिनं चेन वर ओढली आणि खांद्यावर थोपटलं. पुढे त्याच बहिणीला कुणीतरी पळवून नेतं आणि तिला सोडवण्यासाठी हा सगळा उडण्याफोडण्याचा खटाटोप असतो. थोडक्यात, सगळा सिनेमाच त्या चेनवर उभा होता.

पलीकडच्या गृहस्थांनी मान वळवून मास्तरांकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?" मास्तरांनी बायकोच्या कानात विचारलं.

"हो."

"लेकीला?"

"तिलाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

बायकोनं पडद्यावरची नजर काढली नाही. "तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी शिवायला बसला होतात," ती म्हणाली. "म्हटलं, बसू दे."

अंधारात मास्तरांनी तिच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला. हा सिनेमा आता शेवटच्या पाटीपर्यंत बघायचा, एकही प्रसंग सोडायचा नाही, तिला काय काय आवडलं ते एकेक करून विचारायचं, असा त्यांनी मनाशी पक्का निश्चय केला. खुर्ची मऊ होती. गार वारा येत होता.

डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते, लोक उठत होते आणि लेक त्यांना गदागदा हलवत होती. चष्मेवाले गृहस्थ त्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर निघाले होते. जाता जाता ते थांबले.

"चेन होती, मास्तर," ते सौजन्यानं म्हणाले. "पण तुमच्या घोरण्याला मात्र शेवटपर्यंत कुठे शिवण सापडली नाही."